खिडकीतले सोळा रविवार

२ जानेवारी, शुक्रवार

डावा कान चार आणे उरलाय, उजवा दहा. डॉक्टरांनी टक्क्यांत सांगितलं, जिना उतरेपर्यंत मी त्याचे आणे करून टाकले. गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलंही हळूहळू जाणार!

"चाळीस वर्षं इंजिनांजवळ काढलीत. कानात कापसाचे बोळे तरी घालायचे होते."

कापूस! कान बुजवून मी काय दुरुस्त करणार होतो, कपाळ? इंजिनाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते इंजिनच सांगतं. पाने पुसण्यापासून सुरुवात केली, आज चौदा माणसं हाताखाली आहेत, ती या कानांच्या जोरावर. बाजारात मला नावानं कोण ओळखतं? 'कानवाला' म्हणा, आंधळासुद्धा कारखान्याच्या दारात आणून सोडेल.

म्हणे मशीन लावा. कानवाल्याच्या कानात मशीन! न्हाव्यानं केसांचा टोप घालून दुकानात बसावं तसं.

कोणाला सांगणार नाही. हिला तर नाहीच. हिच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा आतल्या खोलीत शिवणयंत्र चाललं होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, खालचं चाक तेल मागतंय. यंत्र थांबलं. आतून आवाज आला — "हा माणूस ऐकतो!" एवढ्यावर आमचं लग्न झालं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून ही वही. वहीलाही ऐकू येत नाही, मलाही नाही. जोडी जमली.

५ जानेवारी, सोमवार

कॅमेरा घेतला!

हिशेब साधा. कान चाललेत, तर डोळ्यांना कामाला लावायचं. जन्मभर डोळे मिटून काम केलं, म्हणजे डोळे अजून नवेकोरेच असणार. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडे गेलो. पासपोर्टचे फोटो काढून काढून म्हाताऱ्याची स्वतःची मानसुद्धा सरळ झालीय, हनुवटी किंचित वर.

"शेठ, या वयात? नातवंड झालं का?"

"आमच्या घरात आम्ही दोघंच. डोळ्यांना वळण लावायचंय."

"वळण लागेल. पण आधी जुनी मोडावी लागतील."

हिला सांगितलं, छंद म्हणून घेतला. ही म्हणाली, "तुम्हाला आणि छंद! आधी सुट्टी म्हणजे काय ते तरी शिका."

८ जानेवारी, गुरुवार

पहिले चाळीस फोटो. अकरा फोटोंत माझा अंगठा. अंगठ्याचा फोटो मात्र झकास येतो!

११ जानेवारी, रविवार

स्टुडिओवाल्यानं धडा दिलाय — एकच माणूस, एकच जागा, एकच वेळ. दर रविवारी सकाळी नऊला. बाकी काही बदलायचं नाही. "बदलेल तो फक्त उजेड. सहा महिन्यांत उजेड कळायला लागेल."

माणूस म्हणजे ही. जागा — स्वयंपाकघराची खिडकी, शेजारचं लाकडी स्टूल. ही निळा झगा घालून बसली, हात मांडीवर. मनगटावर घड्याळ. मी काढायला लावत होतो, ऐकेना. "नऊ वाजलेत हे फोटोत दिसू दे, नाहीतर तुमचा मास्तर म्हणेल साडेनवाला काढला."

मी डोळा लावून बसलो तेव्हा म्हणाली, "काय एवढं बघायचंय? तीस वर्षं बघताय की."

खरं सांगू का वही, बघितलं कुठे. ऐकत होतो. दार कसं लावते, कढई कशी ठेवते, यावरून मला हिचा दिवस कसा गेला ते कळायचं. तोंडाकडे बघायची वेळच यायची नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

बटण दाबलं की कॅमेरा 'खट्' करतो म्हणे. मला तो खट् ऐकू येत नाही! म्हणून दाबलं की नाही कळत नाही, म्हणून मी परत दाबतो. प्रत्येक फोटो दोनदा.

स्टुडिओवाल्यानं विचारलंच, "शेठ, सगळ्यांची जुळी का?"

"एक तुमचा, एक माझा."

हसला. जीभ शाबूत आहे तोवर कान झाकता येतात.

१९ जानेवारी, सोमवार

आज गाढवपणा केला. कालचे फोटो पुसट वाटले. म्हटलं आत धूळ गेली असेल. धूळ गेली की आपण काय करतो? भिंग काढलं, कॅमेरा नेला कॉम्प्रेसरपाशी, आणि हवेच्या नळीनं आतून चांगला झोडपला! मिस्त्री म्हणाला, "शेठ, रेडिएटर स्वच्छ झाला."

स्टुडिओवाल्याला सांगितलं तर त्यानं खुर्चीच धरली. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं, पाणी असतं, हे मला सांगायला नको होतं. मीच लोकांना सांगतो. आता प्रत्येक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा करडा डाग.

हिनं बघितला. "माझ्या डोक्यावर ढग आणलात."

२९ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी हात धुत होतो. ग्रीस निघत नव्हतं, नळ पूर्ण सोडलेला, तोंड भिंतीकडे. ही मागे ओट्यापाशी. काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. नळ चालू असला की हिचा आवाज येतो, शब्द येत नाहीत — शेजारच्या शेडमधलं इंजिन ऐकावं तसं. शेवटी आवाज थोडा वर गेला, म्हणजे प्रश्न.

मागे वळून 'काय म्हणालीस?' विचारायचं होतं. पण आजच सकाळी तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा विचारलं असतं तर पकडलाच गेलो असतो.

"बघू गं. जरा कामाचं ओझं कमी होऊ दे."

'बघू' हा शब्द मला धंद्यानं दिलाय. कुठल्याही कुलपाला लागते ही किल्ली. गिऱ्हाईक काहीही विचारो — बघू. 'हो' नाही, 'नाही'ही नाही.

मी हात पुसायला घेतले. मग म्हणाली, "बरं." हे मात्र ऐकू आलं, कारण तोवर नळ बंद केला होता.

निभावलं!

८ फेब्रुवारी, रविवार

पाचवा रविवार. खिडकीतली कुंडी लख्ख, ही धुरकट. स्टुडिओवाला म्हणतो, "कॅमेरा तुम्ही सांगाल तिकडेच बघतो. तुम्ही कुंडीकडे बघत होतात."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एका दवाखान्याचा जनरेटर आठवड्यात परत आला. मी कान लावून 'ठणठणीत' म्हणून सोडला होता! मिस्त्रीनं उघडला — बेअरिंग भुगा. असं झिजलेलं बेअरिंग शिट्टी वाजवत असणार, नुसतं कोकलत असणार.

मिस्त्री वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. नुसतं म्हणाला, "शेठ, तुमच्या कानाखालून गेलेलं परत कसं आलं हो?"

"हवेत गारठा होता."

गारठ्याचा आणि बेअरिंगचा काय संबंध? त्यानं विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

२ मार्च, सोमवार

डोळ्यानं पकडलं! पाण्याच्या पंपाचा फोटो काढला, मोठा करून बघितला. सांध्याखाली तेलाची केसाएवढी रेघ. उघडलं तर वायसर फाटलेला. कान नाही, स्क्रूड्रायव्हर नाही — नुसते डोळे! मिस्त्रीच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याच्या तोंडातली सुपारी उडाली.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं, मी आता सगळं बघतो.

"सगळं?" ती म्हणाली. आणि हसली. नीट ऐकू आलं, उजव्या बाजूला होती.

१५ मार्च, रविवार

हिचा डावा हात सारखा कमरेवर. मांडीवर ठेव म्हटलं, ठेवला, परत वर. चारदा सांगितलं.

"राहू द्या ना. बरं वाटतं तसं."

म्हटलं, फोटोत पोझ म्हणून काही असतं की नाही! मास्तरनं सांगितलंय, काहीही बदलायचं नाही.

ठेवला मांडीवर.

२४ मार्च, मंगळवार

टोच्या कुठे ठेवलाय विचारत होती. दिला. कशाला हवाय ते विचारलं नाही.

५ एप्रिल, रविवार

उन्हाळा सुरू झाला आणि ही शाल पांघरून बसली! "अगं, उकडत नाही का?" "नाही." "निळा झगा दिसायला हवा, तरच उजेडातला फरक कळेल." शाल काढली. मला आता झग्याच्या निळ्यातला जानेवारी-एप्रिलचा फरक कळतो. स्टुडिओवाला म्हणतो, हात बसला.

डाग मात्र आहे तसाच. अलीकडे फोटो बघायला घेतला की आधी डागच दिसतो.

१७ एप्रिल, शुक्रवार

ही जेवायला माझ्याबरोबर बसते, पण वाढून घेते चिमणीएवढं. म्हटलं, तब्येत बरी आहे ना? "तुम्हाला काय वाटतं?" म्हणाली. म्हटलं, मला बरी वाटते.

काहीतरी चुकलं माझं. तिनं ताट उचललं ते फार हळू उचललं. की मलाच हळू ऐकू आलं?

२६ एप्रिल, रविवार

सोळावा रविवार.

कॅमेरा दुरुस्तीला पाठवायचा आहे. स्टुडिओवाला म्हणाला, कारागिराला नुसतं 'डाग आहे' सांगून भागत नाही. डाग एकाच जागी आहे की सरकतोय, वाढतोय की नाही, ते दिसायला हवं. रविवारचे सगळे फोटो छापून तारखेप्रमाणे ओळीनं लावा.

उद्या छापून देतो म्हणालाय. बरं झालं, डागाची एकदाची भानगड मिटेल.

२७ एप्रिल, सोमवार

दुपारी सोळा फोटो घेऊन कारखान्यात आलो. लांब टेबल पुसून घेतलं, डावीकडून उजवीकडे मांडले. जानेवारी इकडे, एप्रिल तिकडे. भिंग घेऊन डागावरून चालत गेलो. पहिल्या फोटोंत नाही, तिसऱ्यापासून आहे. तिथून शेवटपर्यंत तोच. त्याच जागी, तेवढाच. तसूभर हललेला नाही.

मग भिंग खाली घेतलं.

डाग हलला नव्हता. स्टूल हललं नव्हतं, खिडकी हलली नव्हती. बाकी सगळं तेच ठेवलं होतं, मीच ठेवायला लावलं होतं. म्हणून दिसलं.

ही पहिल्या फोटोत स्टुलावर बसली आहे. सोळाव्यात स्टुलावर ठेवली आहे.

जानेवारीत झगा खांद्यांवर बसलाय. एप्रिलमध्ये तो खुंटीला टांगल्यासारखा. गळ्याखालची हाडं. आणि घड्याळ — मी यंत्रांचा माणूस, मला माप दिसतं. जानेवारीत पट्टा तिसऱ्या भोकात. फेब्रुवारीत चौथ्या. मार्चच्या मध्यावर पाचव्या, शेवटच्या. मग एकोणतीस मार्चला पाचव्याच्या पलीकडे एक भोक, वेडंवाकडं, हातानं पाडलेलं. टोच्यानं. माझ्या टोच्यानं.

हात तर बहुतेक फोटोंत कमरेकडे निघालेला. जिथे मांडीवर आहे तिथे मी ओरडून ठेवायला लावलाय.

मिस्त्री शेजारी येऊन उभा राहिला. ओळीवरून त्याची नजर गेली. टोपी काढली त्यानं.

"शेठ, वहिनींना कुणाला दाखवलंत का?"

सोळा रविवार. प्रत्येक रविवारी दोनदा. बत्तीस वेळा मी तिच्याकडे डोळा लावून बघितलं होतं!

३० एप्रिल, गुरुवार

दवाखाना. पोटात गाठ. आज चित्र काढलं यंत्रानं, ते समोर लावून डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्या बोलताना हळू व्हायला लागल्या तेव्हा कळलं. यंत्र बंद पडायच्या आधी असंच हळू होतं.

मी मुद्दाम हिच्या डाव्या बाजूला बसलो होतो, उजवा कान हिच्याकडे करून. म्हणून पुढचं सगळं ऐकू आलं. न आलं असतं तर!

"दुखणं कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"जानेवारी! अहो, घरी कुणाला बोलला नाहीत?"

हिनं माझ्याकडे बघितलं नाही. घड्याळाचा पट्टा फिरवत होती.

"बोलले होते. यांना कामाचं ओझं होतं." आणि मग लगेच, जणू मला सांभाळून घ्यायला — "आणि यांना इंजिनातली बारीकशी कुरकुरसुद्धा कळते हो. मी सांगून यांना काही वाटलं नाही, म्हणजे म्हटलं, नसेलच काही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. कसे बघतात लोक, ते मी आता शिकलोय.

घरी आलो, ही वही काढली, पानं मागे उलटली. एकोणतीस जानेवारी. शेवटचा शब्द माझ्याच अक्षरात, पुढे उद्गारचिन्ह.

१ मे, शुक्रवार

अकरा तारखेला पोट उघडणार. काय होईल विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उघडल्यावर बघू."

बघू!

३ मे, रविवार

सकाळी नऊ वाजता ती आपणहून स्टुलावर येऊन बसली. निळा झगा. मी कॅमेरा काढला नाही.

"का हो? आज सतरावा ना?"

"डाग आहे."

"असू दे की. तुमच्या डागाची सवय झालीय मला."

काढला. या वेळी एकदाच दाबलं. आला की नाही माहीत नाही.

६ मे, बुधवार

कारखान्यात गेलो, मिस्त्रीला आत बोलावलं, दार लावलं, सांगितलं — मला ऐकू येत नाही. जानेवारीपासून डॉक्टरांच्या कागदावर आहे, त्याआधीपासून कानात.

"माहिती आहे," मिस्त्री म्हणाला. "जनरेटर परत आला त्या दिवसापासून सगळ्या कारखान्याला माहिती आहे. तुम्ही सोडलेलं प्रत्येक इंजिन मी मागनं परत ऐकतो."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"शेठ, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

माझ्या बाजारातल्या नावासाठी मी घरात गप्प राहिलो. ते नाव बाजारानं केव्हाच उतरवून ठेवलं होतं. माझी लाज राखायला नुसती पाटी लटकत होती.

आता उरली फक्त ही. आणि हिला मी काय म्हणून सांगणार? मला ऐकू आलं नव्हतं — सबब झाली ही! शाळा बुडवणारं पोरही याहून बरी देईल. आणि सांगितलं नाही तर सोमवारी ती ऑपरेशनच्या दारातून आत जाईल ती हेच मनात घेऊन — की हा माणूस ऐकतो, आणि यानं ऐकून सोडून दिलं.

८ मे, शुक्रवार

दोनदा तोंड उघडलं. दोनदा चहा मागितला.

९ मे, शनिवार

सांगितलं. कानाचं, नळाचं, 'निभावलं'चं. वहीतलं पान वाचून दाखवलं.

तिनं वही माझ्या हातातून घेतली, ते पान स्वतः बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?"

"नाही."

"मी समजत होते ऐकलंत."

आणि रडायला लागली. दवाखान्यातसुद्धा रडली नव्हती. रडता रडताच हसत होती, माझा हात घट्ट धरून — "ऐकूच आलं नव्हतं! बाई गं, ऐकूच आलं नव्हतं यांना!" — कुणीतरी फार चांगली बातमी आणावी तसं.

मग उठली, खुर्ची स्वतःच उचलली, मला हात लावू दिला नाही, आणि माझ्या उजव्या बाजूला आणून बसली.